नवा संच, जुने नाव : ‘इंडस क्रीड’चा ‘इव्हॉल्व्ह’

संगीत मंडळी फुटणे हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली, तेव्हा मराठी रसिकापुढे एक मोठाच पेच पडला. अण्णासाहेबांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून जिचा पाया घातला, त्या मंडळीचे नाव एकीकडे राहिले. आणि ज्या गळ्यासाठी लोक त्या नावाकडे धाव घेत, तो गळा दुसरीकडे गेला. मग किर्लोस्करांचे खरे वारस कोण? नाव राखणारे, की गाणे घेऊन जाणारे? या प्रश्नाचा निकाल न्यायासनापुढे लागण्यासारखा नव्हता. तो नाट्यगृहात लागावयाचा होता, आणि तोही एका रात्रीत लागणे शक्य नव्हते. नाटक मंडळी, भजनी मंडळ, वाद्यवृंद, किंबहुना जेथे जेथे पाचसात माणसे मिळून एकच कलाकृती निर्माण करितात, तेथे तेथे हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. मुंबईच्या ‘इंडस क्रीड’ या रॉक संगीताच्या संचाने २०१२ साली प्रसिद्ध केलेला ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम याच दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. तो निघून दशकाहून अधिक काळ लोटला असल्यामुळे त्याजविषयी आता शांत चित्ताने बोलता येईल, असे आम्हांस वाटते.

या संचाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस तो ठाऊक नसण्याचा संभव आहे. १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ या नावाने हा संच सुरू झाला. आपल्याकडील रॉक संचांनी विलायती गाणी हुबेहूब वठवावीत आणि श्रोत्यांनी त्यावर खूष होऊन टाळ्या द्याव्यात, असा तो काळ होता. स्वतः रचलेलीच गाणी लोकांपुढे ठेवण्याचा हट्ट या मंडळींनी धरला, आणि १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ व १९९० साली ‘द सेकंड कमिंग’ असे दोन अल्बम काढले. १९९३ साली त्यांनी आपले नाव बदलून ‘इंडस क्रीड’ असे ठेविले. यंत्राच्या जागी सिंधू आली; या एका फरकातच त्यांच्या मनाचा कल कोणीकडे वळला होता हे दिसून येते. त्याच वर्षी त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीस एमटीव्हीचे आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिक मिळाले. १९९५ साली नव्या नावाने पहिला अल्बम निघाला, आणि दोनच वर्षांनी, १९९७ साली, संच मोडला. गायक उदय बेनेगल व गिटारवादक जयेश गांधी हे न्यूयॉर्कला गेले व तेथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ नावाचा निराळाच संसार थाटला; इतर मंडळी आपापल्या मार्गास लागली.

तेरा वर्षांनी, २०१० साली, संच पुन्हा एकत्र आला. पण जसाच्या तसा नव्हे. उदय बेनेगल गाण्यास, महेश तिनईकर गिटारीवर आणि झुबिन बालापोरिया की-बोर्डवर, असे तिघे जुने. बेस गिटारीवर रशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी, असे दोघे नवे. पूर्वी बेस वाजविणारे मार्क सेल्विन आणि दुसरी गिटार सांभाळणारे जयेश गांधी या संचात नव्हते. म्हणजे लयीची सर्व बाजू नव्या, वयाने लहान अशा वादकांच्या हाती गेली, आणि जेथे दोन गिटारींचा संवाद चाले तेथे एकट्या तिनईकरांवर भार पडला. अशा संचाने दोन वर्षांनी जो अल्बम काढला त्याचे नाव ‘इव्हॉल्व्ह’, म्हणजे ‘उत्क्रांत व्हा’. नाव मोठे आहे. ते कितपत सार्थ झाले ते पाहावयाचे.

येथे प्रथम एका समजुतीचा परामर्श घेतला पाहिजे. संचातील माणसे बदलली म्हणजे सामान्य श्रोता एवढेच विचारतो की, गाणारा तोच आहे ना? गाणारा तोच असला की बाकीचे कोणी का असेनात, मंडळी तीच; आणि गाणारा गेला की सर्व काही गेले, असा सरळ हिशोब असतो. पाश्चात्य रॉक संगीताच्या इतिहासात १९८० हे एकच साल घेतले तरी या हिशोबाची पंचाईत ध्यानात येते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ‘एसी/डीसी’ या संचाचा गायक बॉन स्कॉट मरण पावला. उरलेल्या मंडळींनी ब्रायन जॉन्सन या नव्या गायकास घेऊन त्याच नावाने जुलैमध्ये ‘बॅक इन ब्लॅक’ हा अल्बम काढला, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘जॉय डिव्हिजन’ या संचाचा गायक इयन कर्टिस याने आत्महत्या केली. त्याच्या साथीदारांनी मात्र जुने नाव मृताबरोबरच ठेवून दिले आणि ‘न्यू ऑर्डर’ या नावाने नवा आरंभ केला. दोन्ही ठिकाणी गळाच गेला होता. एकाने नाव राखले, दुसऱ्याने सोडले. आणि दोघांचेही वर्तन आज आपणांस उचित वाटते. यावरून असे अनुमान निघते की, नावाचा हक्क गळ्याशी बांधलेला नाही. ‘एसी/डीसी’चा प्राण यंग बंधूंच्या गिटारीत होता, तो शाबूत राहिला. ‘जॉय डिव्हिजन’चा प्राण कर्टिसच्या शब्दांत होता, तो गेला. प्राण नेमका कोठे आहे हे संचातील माणसांना कळणे, हीच या प्रसंगी खरी परीक्षा होय.

आमच्या संगीत रंगभूमीने हाच धडा निराळ्या रीतीने दिला आहे. ‘मानापमाना’च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते पुढे गंधर्व मंडळीचे एक मालकही झाले. तथापि १९१६ साली ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले तेव्हा त्यातील पदांस चाली दिल्या त्या भास्करबुवा बखले यांनी. गाणारे बालगंधर्व तेच. पण ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ ही दोन नाटके लागोपाठ ऐकणाऱ्यास ते तेच वाटतील काय? टेंब्यांच्या चालींत जी चटकदार, झटकन मनात भरणारी ऐट आहे, तिच्या जागी बुवांनी रागाचा भरघोस विस्तार आणला, आणि त्याच गळ्यातील निराळे सामर्थ्य प्रकट झाले. पुढे अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया साथीस आला. मांडणारा बदलला, पाठीमागे बसणारा बदलला, की पुढे उभा राहणाराही बदलतो. श्रोत्याची दृष्टी मात्र पुढच्यावरून हलत नाही, म्हणून त्याला वाटते की गवयाचा गळाच आज विशेष लागला. वस्तुतः खालची जमीन बदललेली असते.

‘इव्हॉल्व्ह’चे मर्म आम्ही याच ठिकाणी शोधतो. जुन्या ‘रॉक मशीन’मध्ये ठेक्याचे काम शिपायांच्या संचलनासारखे होते. पावले दणदणीत पडत, आणि वरची गिटार व गायकाचा पुकार त्या दणक्यावर स्वार होऊन जात. तरुणपणाच्या उसळीला ते साजूनही दिसे. नव्या संचात ही जमीन हलती झाली आहे. जय राव कवी प्रत्येक मात्रा ठोकून दाखविण्याच्या मागे लागत नाहीत. कित्येक ठिकाणी ते मुद्दाम जागा सोडतात, आणि श्रोत्याने ती आपल्या मनाने भरावी अशी अपेक्षा ठेवतात. रशाद मिस्त्रींचा बेस नुसता तळाशी घुमत बसत नाही, तर मधूनमधून चालीच्या जवळ येऊन तिच्याशी दोन शब्द बोलून जातो. आपल्याकडे उत्तम तबलजी ठेका धरूनही ख्यालाच्या विस्तारास पोषक असे भरीव काम करितो. त्या जातीचे हे काम आहे. याचा पहिला परिणाम बेनेगलांच्या गाण्यावर झालेला दिसतो. ज्या गायकाला पूर्वी दणक्याच्या वर आवाज काढावा लागे, त्याला आता सावकाश बोलता येऊ लागले. पन्नाशीकडे झुकणाऱ्या माणसाने विशीतल्या आवेशाने ओरडावे यात जे अनौचित्य असते, ते त्यामुळे टळले आहे. ‘फायरफ्लाइज’ या गाण्यात हा फरक स्पष्ट कानी येतो. काजव्यांचा प्रकाश चमकतो व विझतो, तसे तेथे वाद्यांचे येणे-जाणे आहे. चाल पहिल्याच ओळीत सर्वस्व देऊन टाकीत नाही. ती हळूहळू उलगडते, आणि श्रोत्याकडून थोडा धीर मागते.

अल्बमातील गाणी अवघी आठ आहेत, आणि बहुतेक सवडीने वाढणारी आहेत. सतरा वर्षांच्या खंडानंतर परत येणाऱ्या मंडळींना जुन्या लोकप्रिय गाण्यांचे नवे अवतार काढून पैसा व टाळ्या दोन्ही सुखाने मिळविता आल्या असत्या. स्मृतीचा बाजार सदैव तेजीत असतो. तो मोह त्यांनी टाळला, आणि नव्या दोघांना जुन्यांच्या जागा भरणारे बदली कामगार न समजता रचनेतील भागीदार समजले, हे या अल्बमाचे नैतिक बळ आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ‘इव्हॉल्व्ह’ नावाच्या या अल्बमात ‘डिझॉल्व्ह’ नावाचेही एक गाणे आहे, हा योगायोग असो वा नसो, अर्थपूर्ण मात्र खास आहे. उत्क्रांत होणाऱ्याला आधीच्या रूपातून थोडे विरघळावेच लागते.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष जमेच्या बाजूतूनच निपजला आहे. ध्वनिमिश्रणाचे काम टिम पामर या विलायतेच्या नामांकित तंत्रज्ञाकडे सोपविले होते. ‘पर्ल जॅम’चा ‘टेन’ आणि ‘यू टू’चा ‘ऑल दॅट यू कान्ट लीव्ह बिहाइंड’ या अल्बमांच्या मिश्रणात ज्याचा हात होता, तोच हा गृहस्थ. परिणामी प्रत्येक वाद्य आपल्या जागी स्वच्छ, रेखीव व घासूनपुसून ठेवल्यासारखे ऐकू येते. पण जुन्या अल्बमांतील एक प्रकारचा खरखरीत उतावळेपणा, ज्यात मुंबईच्या कॉलेजांतील उघड्या रंगमंचांचा घाम व धूळ होती, तो या सफाईत हरवला आहे. दुसरा दोष जयेश गांधींच्या रिकाम्या जागेचा. तिनईकरांच्या गिटारीत आब आहे, समजूत आहे. परंतु दोन गिटारी एकमेकींस टोचून बोलत तेव्हा जी चुरस उत्पन्न होई, ती एकट्याने आणणे कठीण. की-बोर्डने ती पोकळी पुष्कळशी भरून काढली आहे, तरी भरणे निराळे आणि भांडणे निराळे. तिसरा दोष अधिक गंभीर आहे. सिंधूचे नाव मिरविणाऱ्या संचाकडे देशी सुरांची जी वाट १९९०-नंतरच्या काळात मोकळी झाली होती, ती या अल्बमात पुढे गेलेली दिसत नाही. तो रंग शोधावयास जाणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. ‘द मनी’सारख्या गाण्यात पैशाच्या मागे धावणाऱ्या जगाची जी चीड आहे, ती प्रामाणिक आहे, पण ती मुंबईचीच आहे हे त्या गाण्याच्या अंगावरून ओळखता येत नाही.

यावर कोणी विचारील की, मुंबईच्या मुलांनी इंग्रजीत रॉक गावे हीच मुळात उसनवारी. तीत देशीपणाची अपेक्षा ती काय ठेवावयाची? हा आक्षेप ऐकावयास सोपा आहे, पण तो घेणाऱ्याने आधी आरशात पाहावे. ज्या हार्मोनियमवर आमच्या नाट्यसंगीताचे लालनपालन झाले, ती युरोपातूनच आली, ऑर्गनही तेथलाच. किर्लोस्करांच्या आधी पारशी व कानडी रंगभूमीचे ऋण आम्ही घेतले होते, आणि त्याची आम्हांस लाज वाटत नाही. दीड शतक इंग्रजीतून विद्या संपादन करणाऱ्या, इंग्रजीतून न्याय मागणाऱ्या व इंग्रजीतून नोकऱ्या करणाऱ्या शहरात त्या भाषेतून कोणी आपले सुखदुःख गाऊ लागला, तर त्यालाच तेवढे परके ठरविणे न्यायाचे नव्हे. उसने घेतलेले आपले केव्हा होते, हा खरा प्रश्न. ते आपल्या हवेत शिजले म्हणजे होते. ‘प्रिटी चाइल्ड’च्या वेळी ते शिजू लागले होते, म्हणूनच ‘इव्हॉल्व्ह’मध्ये चूल मंदावलेली पाहून वाईट वाटते.

नव्या संचाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या नाटक मंडळीत नट म्हणजे बिऱ्हाडाचा माणूस. त्याचे जेवणखाण, आजारपण, कर्ज, सर्व मंडळीच्या खात्यात. म्हणून तो बाहेर पडला की तो घर सोडून गेला असे लोक मानीत, आणि त्याजबद्दल जन्माचा राग धरीत. १९१८ साली दीनानाथ मंगेशकरांनी किर्लोस्कर मंडळी सोडून बळवंत संगीत मंडळी काढली, तेव्हाही फुटीचा हाच प्रकार पुन्हा घडला. आजच्या रॉक वादकाची गोष्ट निराळी. मिस्त्री व राव कवी हे दोघेही वॉरन मेंडोंसा यांच्या ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या संचातही वाजवीत आले आहेत. एका संचावर पोट भरत नाही, म्हणून वादक एकाच वेळी अनेक घरी पाहुणा असतो. याने राग व फाटाफूट कमी झाली, आणि अनेक पंगतींचा स्वाद एका पानात येऊ लागला, हा लाभ आहे. पण ज्या एकत्र राहण्याने, एकमेकांच्या उणिवा रोज सोसण्याने संचाचा एकजीव स्वभाव बनतो, तो बनण्यास सवड राहत नाही, हा तोटा. ‘इव्हॉल्व्ह’मधील लयीचे काम इतके सुरेख असूनही ते कधीकधी या घरचे वाटण्याऐवजी फार चांगल्या पाहुण्याचे वाटते, याचे कारण आम्हांस येथे दिसते.

आता जो प्रश्न आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा, तो संचाचा नसून श्रोत्यांचा आहे. प्रस्तुत लेखक नेरूळचा रहिवासी आहे. येथील डी. वाय. पाटील क्रीडांगणात १५ डिसेंबर २०१९ रोजी ‘यू टू’ या आयरिश संचाने आपला १९८७ सालचा ‘द जोशुआ ट्री’ हा अल्बम सादर केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ या इंग्रज संचाचे १८, १९ व २१ असे तीन दिवस कार्यक्रम झाले. माणसांनी क्रीडांगण फुलून गेले. या लोटाची आम्हांस तक्रार नाही. चांगले संगीत कोठूनही यावे. परंतु त्या गर्दीत ‘फायरफ्लाइज’ ऐकलेले किती असतील? ज्या नगरीच्या खाडीपलीकडच्या अर्ध्या भागात हा संच जन्मला, वाढला, मोडला व पुन्हा उभा राहिला, त्या नगरीला त्याच्या पुनर्जन्माची वार्ताही धड लागली नाही. ‘यू टू’चे तेच चौघे दशकानुदशके एकत्र राहिले याचे आपण कौतुक करितो. पण २०२३ साली लास वेगास येथील कार्यक्रमांत शस्त्रक्रियेमुळे त्यांचा ड्रमवादक लॅरी मलन येऊ शकला नाही, आणि ब्रॅम व्हान डेन बर्ग हा त्याच्या जागी बसला, तेव्हा जगाने ते समजून घेतले. ही समजूत आपण दूरच्यांना दाखवितो. घरच्यांच्या वेळी मात्र ‘आता पूर्वीचे राहिले नाही’ एवढे बोलून मोकळे होतो. न ऐकताच दिलेला हा निकाल असतो.

खरे पाहता, नावाचा व बदलाचा हा न्याय समजण्यास नेरूळकराला दूर जावयाचे कारण नाही. नेरूळ हे मूळ आगरी-कोळ्यांच्या गावाचे नाव. सिडकोने आखलेले नगर त्या गावठाणाभोवती उभे राहिले, सेक्टरांचे आकडे आले, नाना प्रांतांची माणसे आली, आणि नाव मात्र गावाचेच राहिले. नव्या वस्तीला ते नाव वापरण्याचा हक्क कशाने मिळतो? केवळ पाटीवर ते रंगविल्याने नव्हे. जुन्या गावाची जत्रा, त्याचे तळे, त्याची बोली यांना जागा ठेवली आणि वर स्वतःची भर घातली, तर तो हक्क मिळतो. नाही तर ते नाव उसनेच राहते. संगीत संचाचेही असेच आहे. नाव हा मिळालेला वारसा आहे, आणि प्रत्येक नव्या कृतीने तो पुन्हा कमवावा लागतो.

या कसोटीवर ‘इव्हॉल्व्ह’ला आम्ही उत्तीर्ण समजतो, अव्वल दर्जा देण्याचे मात्र मन होत नाही. त्याने जुन्या संचाचा धीटपणा राखला, जुन्या यशाची नक्कल नाकारली, आणि लयीची जमीन बदलून जुन्या गळ्याला प्रौढ वाणी दिली; एवढे करणे सोपे नव्हते. देशी सुरांची वाट मात्र त्याने अर्ध्यावर सोडली. टी. एस. एलियट यांनी १९१९ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले आहे की, खरी नवी कृती आली म्हणजे तिच्या आधीच्या सर्व कृतींची मांडणीही थोडी हलते. ‘इव्हॉल्व्ह’ ऐकून १९९५ चा अल्बम पुन्हा लावला तर त्यातील घाई आता निराळी ऐकू येते. ती तारुण्याची होती, आणि तिला पुढे जाऊन थांबणे शिकावयाचे होते, हे उमगते. जो अल्बम आपल्या पूर्वजांचा अर्थ असा बदलतो, त्याने ते नाव धारण केले यात गैर काही नाही. रसिकाने एवढेच करावे की, गाणारा तोच आहे का हा प्रश्न घटकाभर बाजूस ठेवावा, आणि मागे बसलेल्या दोघांकडे कान द्यावा. संचाचे भवितव्य बहुधा तेथेच ठरत असते.